सहा नंबरचा बेड

मीटरबाईला परदेशी पाठवायचं ठरलं ते मामांच्या गुडघ्यांमुळे. अशा कामांना तीस वर्षं मामाच जात आले होते. पण यंदा त्यांना जिना चढतानाच देव आठवायला लागले, तेव्हा दादांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "धाकटीला पाठवू. तिचा हात मामांपेक्षा साफ आहे."

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. वर्कशॉपमध्ये तिला सगळे मीटरबाई म्हणत. पर्समध्ये रुमाल नसला तरी तिचं चालायचं, पण वीज मोजायचा मल्टिमीटर नसला तर घास घशाखाली उतरत नसे. वर्कशॉप घरचंच. मोठ्या हॉस्पिटलांनी काढून टाकलेले, विजेवर वर-खाली होणारे बेड आणायचे, उघडायचे, मोटर बदलायची, रंग मारायचा आणि लहान हॉस्पिटलांना विकायचे, असा धंदा. दादा तिचे मोठे दीर, ते मालक. नवरा ऑर्डरी आणि पॅकिंग बघायचा. मामा म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा, वायरिंग त्यांच्याकडे. माल बाहेर पडण्याआधीची शेवटची तपासणी मीटरबाईची, पण ती देशातल्या मालाची. परदेशी जाणारे खोके दादा स्वतः उभे राहून भरून घेत.

काम तसं किरकोळ होतं. त्या लहानशा हॉस्पिटलात आठ महिन्यांपूर्वी बारा बेड गेले होते, मामांनीच बसवले होते. आता आणखी चार गेले होते. ते बसवायचे, चालवून दाखवायचे, रिपोर्टवर डॉक्टरची सही घ्यायची आणि परतायचं. तीन दिवसांचा प्रश्न.

निघण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने तिच्या बॅगेत एक पांढरा अ‍ॅडॉप्टर टाकला. "तिकडची भोकं वेगळी असतात. हा लावला की आपला प्लग बसतो."

तिने सवयीने तो उलटासुलटा करून पाहिला. मागे दोनच पिना होत्या. पुढे आपल्या तीन पिनांच्या प्लगसाठी तीन भोकं होती खरी, पण वरच्या मोठ्या भोकाच्या आत काहीच नव्हतं. नुसतं प्लास्टिक.

"हे तिसरं भोक शोभेला ठेवलंय," ती म्हणाली. "याला अर्थिंगच नाही."

"फोन चार्ज करायचाय का गिरणी चालवायचीय तुला?"

ती हसली. फोनला अर्थिंग लागत नाही, हे काही खोटं नव्हतं.

विमान सकाळी उतरलं. हॉस्पिटलच्या मागेच पाहुण्यांसाठी एक खोली होती. टेबल, खुर्ची, लोखंडी पलंग आणि खिडकीतून दिसणारी कपडे धुवायची शेड. आंघोळ करून तिने लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरला लावला आणि मनगटं त्याच्या पत्र्यावर टेकली, तशी हाताला बारीक झिणझिण झाली. कोणीतरी कातडीवरून पिसाचं टोक फिरवावं तशी. तिला कारण ठाऊक होतं. मशीनमधली थोडी वीज पत्र्यावर येते, एरवी ती अर्थिंगच्या वायरने गुपचूप जमिनीत जाते. वायरच नसली की ती वाट बघत बसते. लॅपटॉपमधली वीज मुंगीएवढी, तिने कुणाचं काही बिघडत नाही. मीटरबाईने प्लग काढला आणि ती कामाला गेली.

वॉर्डात तिची गाठ सिस्टरशी पडली. सिस्टर मूळची आपल्याकडचीच. बावीस वर्षांपूर्वी नोकरीला म्हणून आली आणि इथलीच झाली. बोलायला मराठी माणूस मिळालं म्हटल्यावर तिने पहिल्या पाच मिनिटांत नवऱ्याच्या डायबेटीसपासून डॉक्टरांच्या तापट स्वभावापर्यंत सगळं सांगून टाकलं. वॉर्ड लांबट होता. दोन्ही हातांना सहा-सहा बेड, हिरव्या फरशा, टोकाला हात धुवायचं बेसिन. बेसिनचा लोखंडी पाइप सहा नंबरच्या बेडच्या उशाजवळून खाली गेलेला. चार नवे बेड खोक्यांसकट व्हरांड्यात उभे होते.

एक गोष्ट मात्र मीटरबाईच्या नजरेतून सुटली नाही. बोलता बोलता सिस्टर प्रत्येक बेडच्या कठड्यावर हात ठेवत होती, घरातल्या खुर्च्यांवर ठेवावा तसा. सहा नंबरपाशी आल्यावर तिने हात मागे घेतला आणि ती वळसा घालून गेली.

"तुमचं काम झालं की या बेडचंही जरा बघाल का?" सिस्टर म्हणाली. तोवर तिचा आवाजही उतरला होता. "याच्यावर मुंग्या येतात."

"औषध मारलंत?"

"तीनदा. गादी बदलली. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. एक मुंगी डोळ्यांनी दिसली असेल तर शपथ. पण जो पेशंट येतो तो हेच सांगतो."

बेडवर एक म्हातारा शिंपी होता. पायाला प्लास्टर, हाताला सलाइन, आणि दोन्ही गालांवर आठवड्याची दाढी. मीटरबाईने सिस्टरला त्याला विचारायला लावलं. म्हातारा खुशीत आला आणि बराच वेळ बोलला.

"म्हणतो, इथल्या मुंग्या शिकलेल्या आहेत. चावतात आणि पळून जातात, मागे खूण ठेवत नाहीत."

"चावतात कुठे?"

"हाताला. कोपरापर्यंत चढतात म्हणतो."

आपल्या भाषेत हातावर मुंग्या येणं वेगळं आणि हाताला मुंग्या येणं वेगळं. "सिस्टर, यांच्यात हाताला मुंग्या आल्या असं म्हणतात का? बधिर झाल्यासारखं, झिणझिण झाल्यावर?"

"नाही. यांच्यात मुंग्या म्हणजे मुंग्याच." एवढं बोलून सिस्टर थबकली.

म्हाताऱ्याला वाटलं, आपलं म्हणणं पटलेलं नाही. आपण कसे उठतो ते दाखवायला त्याने डावा हात कठड्यावर ठेवला आणि उजवा हात पाण्याच्या पाइपकडे नेला.

"थांबवा त्यांना," मीटरबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सिस्टरने म्हाताऱ्याचा हात वरच्यावर धरला.

मीटरबाई गुडघ्यांवर बसून बेडच्या मागे वाकली. वायर मामांनी बसवलेली, जाड, तीन पिनांचा प्लग. आणि प्लग भिंतीत थेट गेलेला नव्हता. मध्ये एक पांढरा अ‍ॅडॉप्टर होता. तिच्या बॅगेतल्या अ‍ॅडॉप्टरचा जुळा भाऊ. प्लगची मोठी पिन, जिच्या भरवशावर पेशंटचा जीव असतो, ती पोकळ प्लास्टिकमध्ये नुसती रुतून बसली होती.

ती उठली, पाच नंबरच्या मागे वाकली, मग चारच्या. असं करत सगळा वॉर्ड फिरली. बाराच्या बारा. व्हरांड्यात जाऊन तिने नव्या बेडच्या खोक्यात हात घातला. वायरीबरोबर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चार अ‍ॅडॉप्टर, वर वर्कशॉपचा शिक्का, आणि शिक्क्याखाली "प्रत्येकी एक". अक्षर तिच्या नवऱ्याचं होतं. शाळेच्या वह्यांवर लेकीचं नाव तो याच वळणाने घालायचा.

पिशवी हातात घेऊन ती तिथेच खोक्यावर टेकली. मग मीटर घेऊन परत आत गेली.

एक टोक कठड्याला, एक पाइपला. आकडा शहाण्णव व्होल्टवर थांबला. शहाण्णव ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात दम नसतो. लॅपटॉपचीच गोष्ट, थोड्या मोठ्या घराण्यातली. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायला सांगितलं आणि दुसरे बेड मोजायला घेतले. कुठे नव्वद, कुठे शंभर. खरं तर सगळीकडेच मुंग्या यायला हव्या होत्या, पण बाकीच्या बेडच्या हाताशी जमिनीत जाणारा पाइप नव्हता, म्हणून वीज निजलेली होती.

अकरा वाजता सफाईवाली आली. इथली शिस्त कडक होती. फरशी तर पुसायचीच, शिवाय ओल्या फडक्याने बेडखालचा सांगाडा आणि मोटरचं झाकणसुद्धा. सफाईवाली सहा नंबरखालून बाहेर आली, तेव्हा मीटरबाईने सहज पुन्हा टोकं लावली.

दोनशे दहा.

तिने मीटर बंद करून पुन्हा चालू केला. दोनशे बारा.

हॉस्पिटलचा वायरमन बोलावला गेला. साधा माणूस, कानावर पेन्सिल. त्याने शपथेवर सांगितलं की आपण तीन वेळा तपासलं, काही नव्हतं. त्याचं खरंच होतं. त्याला बोलवायचे दुपारी, सगळं वाळल्यावर. मीटरबाईने त्याच्याकडून होल्डरला लावलेला एक साधा बल्ब मागून घेतला. ही जुनी परीक्षा मामांनीच तिला शिकवली होती. मीटर आकडा दाखवतो, पण त्या आकड्यामागे माणूस मारायची ताकद आहे की नाही, ते बल्ब सांगतो. ताकद नसेल तर बल्ब मेल्यासारखा पडून राहतो.

तिने हातात रबरी मोजे घातले. एक वायर पाइपला बांधली, दुसरी कठड्याला टेकवली.

बल्बमधली तार लाल झाली. फार नाही. विझत आलेल्या निखाऱ्याएवढीच. दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन येत असताना, तो लाल धागा सगळ्यांना स्पष्ट दिसला. वायरमनने कानावरची पेन्सिल काढली आणि ती हातात घेऊन तो नुसता उभा राहिला. खुर्चीतला शिंपी काहीतरी बोलला, पण या वेळी त्यात थट्टा नव्हती.

मीटरबाईने प्लग उपसला आणि मोटरचं झाकण खोललं. बाहेरून रंग नवाकोरा होता. आतलं रबर वाळून चिरलेलं, चिरेतून पाणी झिरपलेलं, आणि तांब्यावर हिरवट गंज धरलेला. तिने मान वर केली तर सिस्टर तिथे नव्हती.

ती सापडली चादरींच्या खोलीत. कपाटाला टेकून बसली होती, मांडीवर एक उशीचा अभ्रा, आणि त्याची घडी ती घालत होती, मोडत होती.

"पाणी आणू?" मीटरबाईने विचारलं.

"मागच्या महिन्यात त्या बेडवर एक बाई होती," सिस्टर म्हणाली. "शाळेत शिकवायची. एक्केचाळीस वर्षांची. पोटाचं ऑपरेशन झालेलं, छान बरी झालेली. दुसऱ्या दिवशी घरी जायची होती. मला म्हणाली, सिस्टर, अंग पुसून द्या, मुलं येणार आहेत. मी पुसत होते. भरपूर पाणी घेऊन पुसत होते, तिला बरं वाटत होतं म्हणून. तिने वळायला एका हाताने कठडा धरला, एका हाताने पाइप."

मीटरबाई तिच्या शेजारी खाली बसली.

"मला हाताला चटका बसला. मी हात सोडला. माझ्या पायात रबरी चपला असतात. मला वाटलं, माझी नसच आखडली. आणि ती... तिने सोडलंच नाही, ताई. ती धरूनच राहिली. मी बघत होते. मला कळायला किती वेळ लागला ते माझं मलाच माहीत नाही. मग हात सुटले. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, सगळं केलं. कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं."

"तुम्ही कुणाला सांगितलंत? चटका बसल्याचं?"

"काय सांगू? मला वाटलं मी तिला जोरात वळवलं. टाका सुटला असेल, आत काही झालं असेल, माझ्या हाताने झालं असेल. महिनाभर मी रोज या वॉर्डात येते आणि त्या बेडला हात लावत नाही. आणि दुसऱ्याला झोपवते."

बोलून झाल्यावर तिने अभ्र्याची घडी नीट घातली आणि कपाटात ठेवली.

मीटरबाईने खोलीवर जाऊन दादांना फोन लावला. दादांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दादा चिडले की मोठ्याने बोलत. शांत ऐकत, ते काम गंभीर असलं की.

"हे बघ धाकटे," ते म्हणाले, "त्या एका बेडची मोटर काढ. बाकीचं चालतंय ना?"

"दादा, एकालाही अर्थिंग नाही. आपणच अ‍ॅडॉप्टर दिलेत."

"तिकडच्या पिनांच्या वायरी मागवायच्या तर माल दोन महिने अडकला असता. मामा पण कुरकुरले होते. काही झालं का आठ महिन्यांत?"

"एक बाई गेली."

पलीकडे वर्कशॉपमधल्या ग्राइंडरचा आवाज येत होता. तो बंद झाला. दादांनी दार लावलं असावं.

"तू डॉक्टर आहेस का?" दादा म्हणाले. "त्यांच्या डॉक्टरने काय लिहिलंय? हृदय. मग हृदय. तू मोटर काढ, सही घे आणि ये. घरात बसून बोलू. कागदावर काही लिहू नकोस. ज्या ताटात जेवतो त्यात..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग तिने नवऱ्याला फोन केला. "पिशवीवर अक्षर तुझं आहे," एवढंच ती म्हणाली.

"दादा म्हणाला टाक, मी टाकले," तो म्हणाला. "मला वाटलं फोनला चालतात, तसे यालाही चालतील. तू तेव्हा म्हणालीस ना, तिसरं भोक शोभेचं आहे. बेडना अर्थिंग लागतं का, हे विचारावं असं तेव्हा एकदा मनात आलं होतं. पण मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"तू हो म्हणाली असतीस म्हणून."

डॉक्टरांच्या खोलीत ती दुपारी गेली. डॉक्टर उंच, थकलेले, डोळ्यांखाली काळं. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं वॉर्ड बघायला येणार होती, सोळा बेड दाखवायचे होते. सिस्टर दुभाषी म्हणून सोबत होती.

"सहा नंबर काढून टाका," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे राहू देत. मी आठ महिने वापरतोय."

"बाकीच्यांची मोटर उद्या भिजेल किंवा परवा. तोवर फक्त मुंग्या येतील," मीटरबाई म्हणाली. सिस्टरने ते त्यांना सांगितलं. आणि मग, मीटरबाईने काहीही विचारलेलं नसताना, सिस्टर आपणहून बोलत राहिली. मीटरबाईला भाषा कळत नव्हती, पण एक एक हात पुढे करून सिस्टरने कठडा आणि पाइप दाखवला, तेव्हा ती काय सांगते आहे ते उघड होतं. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. हृदय बंद पडल्याच्या त्या कागदावर सही त्यांची होती.

ते उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नंतर सिस्टरशी दोन वाक्यं बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हे तीन माणसांना माहीत आहे. तीनच राहू दे."

मीटरबाई वॉर्डात गेली. पहिल्या बेडपासून सुरुवात केली आणि एकेक प्लग भिंतीतून उपसून काढला. वायर गुंडाळून बेडला बांधली, अ‍ॅडॉप्टर पिशवीत टाकला. बेडना हाताने फिरवायचे दांडे असतात, ते खोक्यांत धूळ खात पडले होते. वायरमन न सांगता ते घेऊन आला आणि लावायला लागला. बारावा प्लग निघाला तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी अडवलं नाही, मदतही केली नाही.

रिपोर्ट लिहायला तिला तासभर लागला. किती वाजता किती आकडा, बल्ब लागला, रबर चिरलेलं, अ‍ॅडॉप्टरला अर्थिंग नाही, अ‍ॅडॉप्टर कुणी पाठवले. शेवटी पेन थांबलं.

"लिहा," सिस्टर म्हणाली. "मी पुसत होते, ते पण लिहा. माझं नाव घालून लिहा."

"तुमची नोकरी जाईल."

"मी दुसऱ्याला त्या बेडवर झोपवत होते, ताई."

दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली. मीटरबाईने रिपोर्टची एक प्रत त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी आधी तो कागद आपण पाहिलाच नसल्याचं सांगितलं. मग त्या माणसांनी सहा नंबरची मोटर उघडायला लावली, आणि पुढचं बोलणं दार लावून झालं.

दुपारी सिस्टर आणि ती त्या बाईच्या घरी गेल्या. नवरा बसड्रायव्हर होता, ड्यूटीवरून नुकताच आला होता. गणवेशाची वरची दोन बटणं उघडी. त्याने दोघींना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः उभा राहिला. सिस्टरने सगळं सांगितलं. चुकवलं काहीच नाही. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला आणि सिस्टरला मीटरबाईकडे वळून तो मराठीत सांगता येईना. मग तिने टेबलाकडे बघत सांगितलं.

"विचारतोय, म्हणजे तिचं हृदय चांगलं होतं का."

"सांगा, हो."

तो टेबलाला धरून खाली बसला. मग बोलू लागला तेव्हा सिस्टर तुकड्या-तुकड्याने सांगत गेली. आईचं हृदय एक्केचाळिसाव्या वर्षी बंद पडलं म्हटल्यावर त्याला वाटलं, हे पोरांत उतरलं असणार. दोघांना तीन ठिकाणी तपासून आणलं होतं. शाळेत चिठ्ठी दिली होती, यांना पळू देऊ नका. धाकटी मुलगी आठ वर्षांची. ती महिनाभर मधल्या सुटीत भिंतीशी बसून राहते.

मीटरबाईला आपली लेक आठवली, तीही तेवढीच. निघताना त्याने सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला की तिला दारातून बाजूला सारलं, हे मीटरबाईला नीट कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

खोलीवर आल्यावर तिने मामांना फोन केला. अजून उजेड होता. शेडमध्ये चादरी वाळत होत्या.

"मामा, असे अ‍ॅडॉप्टर घालून आणखी कुठे कुठे माल गेलाय?"

मामा रडत होते की खोकत होते, कोण जाणे. "मी म्हटलं होतं गं दादाला. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ उचलली नाही. त्याच्या घरात राहतो मी."

"मामा, कुठे कुठे?"

कागदपत्रं दादांच्या कपाटात होती, पण मामांनी प्रत्येक बेड हाताने जोडला होता. त्यांनी डोळे मिटून सांगितल्यासारखी एकेक जागा सांगितली. नऊ हॉस्पिटलं, पाच देश. मीटरबाईने नऊ नावं कागदावर उतरवली आणि फोन लावायला घेतले. सहा जणांनी ऐकलं. एकाने तिलाच वेड्यात काढलं आणि अर्ध्या तासाने आपणहून फोन करून "कोणता प्लग म्हणालात" असं घाबऱ्या आवाजात विचारलं. आठव्याला सिस्टरने तिकडच्या एका ओळखीच्या नर्सकडून निरोप पोहोचवला.

पुढे चौकशी झाली. तिकडे डॉक्टरांना काही महिने घरी बसावं लागलं, सिस्टरची बदली दुसऱ्या गावी झाली. इकडे वर्कशॉपला टाळं लागलं. मामांनी चौकशीत खरं ते सांगितलं आणि त्याच दिवशी ते मीटरबाईने दादांचं घर सोडून घेतलेल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. पिशवीवरचं अक्षर आपलं आहे हे नवऱ्याने कबूल केलं. तो आता एका दुकानात कामाला जातो, कमी बोलतो, आणि घरातला प्रत्येक प्लग झोपण्यापूर्वी हाताने चाचपून बघतो. दादांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. रस्त्यात भेटले तर पलीकडच्या फुटपाथवर जातात.

नववं हॉस्पिटल लांब होतं, एका डोंगराळ भागात. तिथे चौदा बेड गेले होते. तिने त्या दिवशी फोन लावला, विमानतळावरून लावला, घरी आल्यावर लावला. पत्र पाठवलं, ते परत आलं नाही. वकिलातीत अर्ज दिला, त्याची पोच मिळाली. मामा म्हणतात, तिथलं बेसिन वॉर्डाच्या आतच होतं आणि पाइप लोखंडी होता, तेवढं त्यांना पक्कं आठवतंय; बेडपासून किती हातांवर, ते आठवत नाही.

आजही दर सोमवारी सकाळी लेकीला शाळेत सोडून आली की मीटरबाई तो नंबर लावते. फोन वाजतो. पूर्ण वाजतो, आणि कोणी उचलत नाही.